भरलेली पेटी बोलत नाही

मामंजी गेले त्या सकाळी मी नळावर होते. जावेने हाक मारली आणि तिच्या आवाजावरूनच कळलं. खोटं कशाला सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं... रडू नंतर आलं. महिना होऊन गेला, तरी अंग अजून आंबलेलंच आहे.

माझे हे सासरे अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात तपासनीस होते. पेटी कानाशी धरून हलवायची, एवढंच काम. काड्या कमी असल्या की पेटी खुळखुळायची, गच्च भरलेली असली की गप्प. "भरलेली पेटी बोलत नाही, सूनबाई," असं ते बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत मला ऐकवायचे, बहुधा माझी टकळी सुरू असली की. मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

काम सुटल्यावर वर्षभरात त्यांनी एकदा पेटी हलवून "भरलेली आहे" म्हणून माझ्या हाती दिली. उघडली तर आत एकही काडी नाही. रिकामी पेटीही बोलत नाही, पण ती त्यांना नुसत्या वजनावरून कळायची. मी हसले. पुढे ते घरचा रस्ता चुकू लागले, पोटच्या मुलाला नाव विचारू लागले, तेव्हा हसू सरलं. उल्हासनगरचे सिंधी डॉक्टर म्हणाले, "बहनजी, दिमाग में कुछ जम जाता है. दवा से निकलता नहीं." हंड्यावरचं कीट मी चिंचेने घासून काढते, मला ते पटेना. महिनोन्महिने त्यांच्या डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापलं. काही निघालं नाही.

ती रिकामी पेटी मात्र त्यांच्या हातातून सुटेना. दिवसभर कानाशी, दिवसभर "भरलेली आहे ना?" एका दुपारी माझा तोल गेला. पेटी हिसकावून त्यांच्यासमोर उघडली. "रिकामी आहे, मामंजी. डोळ्यांनी बघा."

ते बघत राहिले... मग म्हणाले, "माझ्या हातून अशी पेटी कधी गेली नव्हती हो, बाई." मला ओळखत नव्हते, पण चूक ओळखली. लहान मुलासारखे रडले. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

त्याच संध्याकाळी मी ती पेटी काड्यांनी गच्च भरली. मग त्यांनी कितीही वेळा विचारलं, तरी "भरलेली आहे" म्हणताना जीभ अडखळत नसे. शेवटी त्यांचं विचारणंही थांबलं. शेजारणी म्हणायच्या, म्हातारबा शांत झाले हो.

पेटी कोनाड्यात आहे. परवा यांनी स्टोव्ह पेटवायला ती उचलली. मी हातातून काढून घेतली, दुसरी दिली. एक काडी जरी काढली तरी ती वाजेल, आणि मामंजींचं म्हणणं पुन्हा खोटं ठरेल.