ओल्या भिंतीवर पिस्ता रंग

धाकट्या बहिणीचा मी लहानपणापासून हेवा केला, हे सांगायला आता लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या हेव्यापायी आईला जे भोगावं लागलं त्याची.

धाकटी जन्मापासून किडकिडीत, कायम कसलं ना कसलं औषध चालू. तिच्या वेण्या आई दहावीपर्यंत घालायची. माझ्या मी सात वर्षांची असल्यापासून आरशात बघून स्वतःच घालत आले. पुढे दोघींची लग्नं झाली आणि नव्वदच्या सुमारास आम्ही मीरा रोडला एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर, समोरासमोर फ्लॅट घेतले. लोक म्हणायचे, बहिणी असाव्यात तर अशा! मला मात्र एवढंच दिसायचं, की तिच्या खोल्यांत आरपार वारा आणि माझ्या बेडरूमच्या खिडकीसमोर शेजारच्या अर्धवट इमारतीची भिंत.

बाबा गेल्यापासून आई परळच्या खोलीत एकटी होती. 'आमच्याकडे ये' असं दोघीही म्हणत होतो. एका रविवारी तिला आमच्या बिल्डिंगचं अजून चालू असलेलं बांधकाम दाखवायला नेलं. विटांच्या ढिगावर बसून तिने वॉचमनने आणलेला चहा घेतला आणि कुणालाच न दुखवता निकाल दिला, "जिचं घर आधी तयार होईल तिच्याकडे मी आधी येईन. मग दुसरीकडे."

धाकटी हसली. मी नाही हसले. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या बाबतीत माझा नंबर आधी लागण्यासारखा होता.

आतलं प्लास्टर ऐन पावसाळ्यात झालं. गणपतीनंतर मी रंगाऱ्याला बोलावलं. हॉलला आणि आईच्या खोलीला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट, गुळगुळीत, चकचकीत. त्याने भिंतीवर तळहात टेकवला आणि मान हलवली.

"भाभी, दीवार अभी गीली है. अभी चूना मार लो. ऑइल पेंट एक गर्मी निकलने के बाद. सामनेवाली भाभी ने भी चूना ही बोला है."

त्याने शेवटचं वाक्य उच्चारलं नसतं तर कदाचित मी ऐकलं असतं. समोरचीने चुना लावलाय म्हटल्यावर माझ्या घरी चुना लागणं शक्यच नव्हतं. आमचे हे म्हणाले, "पी हळद नि हो गोरी, असं चाललंय तुझं." मी लक्ष दिलं नाही. दसऱ्याला गृहप्रवेश केला आणि त्याच दिवशी आईची ट्रंक माझ्या घरात आणली. धाकटीच्या घराच्या खिडक्या तेव्हा सताड उघड्या होत्या, भिंती सुकत होत्या. ती मार्गशीर्षात राहायला येणार होती. बावळट आहे, असं मला वाटलं. मी जिंकले होते.

दिवाळीपर्यंत घर दृष्ट लागण्यासारखं दिसलं. मग वास यायला लागला, कुबट, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा. भिंतीवर रंगाचे फुगे धरले. बोटाने दाबले तर आतून पाणी यायचं. भिंतीत अडकलेल्या ओलीला बाहेर पडायला मी जागाच ठेवली नव्हती. त्यात आजूबाजूच्या बांधकामांची धूळ नको म्हणून खिडक्या बंद. आईच्या पलंगामागे काळी बुरशी धरली, आधी ठिपके, मग तळहाताएवढे डाग. आई अंघोळीला गेली की मी पलंग ओढून फिनेलच्या फडक्याने ते पुसायचे आणि मग ऑफिसला पळायचे. चार दिवसांत ते पुन्हा हजर.

आईला खोकला सुरू झाला. एव्हाना धाकटी समोर राहायला आली होती. एकदा ती दारातच म्हणाली, "ताई, आईला थोडे दिवस माझ्याकडे राहू दे ना. तुझी भिंत सुकली की घेऊन जा."

"धुळीचा खोकला आहे तो," मी म्हटलं. "सगळ्या मीरा रोडला धूळ आहे. तुझ्याकडे काय वेगळी हवा येतेय?"

वेगळीच हवा येत होती. मला ते पक्कं माहीत होतं. तरी आईने माझ्याकडे राहून खोकावं, पण तिच्याकडे जाऊ नये, असंच मला वाटत होतं. याहून वाईट मी कधी वागले असेन तर आठवत नाही.

जानेवारीत एकदा ऑफिस दुपारीच सुटलं. मी किल्लीने दार उघडून आत आले. आईच्या खोलीत पलंग भिंतीपासून ओढलेला होता. आई नाकाला पदर बांधून, खोकत खोकत, ओल्या फडक्याने भिंत पुसत होती.

"अगं, तू कशाला पुसतेस?"

ती दचकली. "रोज पुसते दुपारची," म्हणाली. "संध्याकाळी धाकटी बसायला येते. तिला दिसलं तर तुला बोलेल. तुला कोणी बोललेलं मला नाय आवडत, बाय."

म्हणजे सकाळी मी पुसत होते ती माझी अब्रू राखायला, आणि दुपारी आई पुसत होती तीही माझीच. मी पलंगावर बसून रडले. मग उठले, आईची वळकटी काखेत मारली, औषधांचा डबा घेतला आणि तिला घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. धाकटीने माझ्याकडून वळकटी घेतली आणि बाजूला झाली. तिचा तो समजूतदारपणाही मला टोचला.

रंगाऱ्याने येऊन सगळा पिस्ता रंग खरवडून काढला. खिडक्या दिवसभर उघड्या राहू लागल्या. साधारण पंधरा दिवसांनी, ऑफिसला निघताना, मी समोरच्या बंद दाराशी थांबले. आत आई बोलत होती, मोठ्याने हसत होती. बराच वेळ कान देऊन उभी राहिले. खोकला नव्हता.

मला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की आई बरी झाली ती धाकटीकडे.