विरजणाची चिंधी

साताऱ्याहून लग्न होऊन निघाले, तेव्हा आईने दह्यात बुडवून सावलीत वाळवलेली चिंधी माझ्या पेटीत घातली. म्हणाली, "परमुलखाचं पाणी बाधतं. कोमट दुधात हिचा तुकडा टाक. आपलं दही पोटात असलं की कुठेही निभतं." मध्य भारत राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं, यांची नोकरी इंदूरला पोलोग्राउंडच्या कारखान्यात. आमच्या आळीला ती विलायतच.

सासूबाईंनी पेटी उघडली नि चिंधी चिमटीत धरून चुलीत टाकली. "तुमच्याकडचं खट्टं आमच्या घरात नाही चलणार, समझली?" अर्धी चिंधी मी चोळीत दडवली होती. तिचं दही पेटीमागे वाटीत लावत राहिले, चोरासारखी. पोट कधी बिघडलं नाही, मन मात्र नासलं.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना हगवण लागली. औषधाने ताप उतरला, जुलाब थांबेनात. डॉक्टर म्हणाले, "बहूजी, दवा ने पेट के अच्छे जंतु भी मार दिए. ताजा मट्ठा पिलाओ." घरचं दही उकाड्याने नासलेलं. दिवा लावून वळले, तर त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "बेटा, तुझ्या पेटीमागचं दही दे ना."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! तरी मी म्हणाले, "ते या घरचं नाही, आईजी. आणि दिवेलागणीनंतर परक्या घरी दही देत नाहीत. दोन्ही तुमचेच बोल."

ताक सकाळी दिलं. तोवर त्यांच्यात कूस बदलायचंही त्राण उरलं नव्हतं. आठवड्याने उठल्या आणि घरच्या मोठ्या भांड्याला स्वतःच माझं विरजण लावलं. त्या संध्याकाळबद्दल अवाक्षर काढलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

सासूबाई गेल्या, मग आई गेली. साताऱ्याला गेले तर आईचं विरजण केव्हाच मोडलेलं, पानात डेअरीचं दही. मी हौसेने वाळवून नेलेली चिंधी वहिनीपुढे धरली. "या घरचीच आहे गं."

वहिनी हसली. "वन्सं, इंदूरचं आंबट इथं कशाला?" आणि चिंधी केरात टाकली.

मी ती केरातून उचलली. आज नात पोटासाठी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल गिळते आणि मला विचारते, आजी, तुझं घर कुठलं? इंदूर, म्हणते. तेव्हा साताऱ्याहून परत येऊन त्याच चिंधीचं दही लावलं होतं. पहिली वाटी सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेवली, दिवे लागायच्या खूप आधी.