परळीच्या यार्डातली चकती
गॅरेजात ग्रीसचा वास आला की मला रेल्वेतला तो म्हातारा खलाशी आठवतो. परळीच्या यार्डात रेल्वेचं अख्खं इंजिन वर उभं करून त्याचं तोंड फिरवायची जुनी लोखंडी चकती पडून होती. ती उचलून संग्रहालयात बसवायचं काम माझ्याकडे होतं. ती बसली नीट, पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जुनं इंजिन वर चढवलं आणि चकती हलेना. भर उन्हात आठ माणसं चकतीचा दांडा रेटून थकली. शेवटी जीप पाठवून, अर्धं आयुष्य ती चकती फिरवलेल्या या रिटायर खलाशाला आणवलं. त्यानं वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, “सायेब, इंजिन हातभर मागं घ्या. वजन मधोमध आलंच न्हाई, फिरल कशी?” आम्ही इंजिन मागं घेतलं. मग त्यानं एकट्यानं दांड्याला छाती लावली आणि ते धूड सावकाश वळलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी मला विचारलं, “कसं काय जमवलंत हे?” म्हातारा धुतलेली टोपी घालून माझ्या मागेच उभा होता. मी म्हणालो, “बरीच आकडेमोड केली, साहेब. तेव्हा कुठं तोल सापडला.” टाळ्या पडल्या. मागून म्हातारा हात जोडून पाहुण्यांना म्हणाला, “लई हुशार हायत आमचे सायेब.” त्याच्या आवाजात जराही टोमणा नव्हता. तो वारल्याचं मला फार उशिरा कळलं. चकतीजवळच्या पाटीवर माझं नाव आहे. माझी मुलगी ती चकती बघायला चला म्हणते, आणि मी दर वेळी काहीतरी कारण काढतो.