दीड वेढा

माझं टायरचं दुकान आणि कमानी मिस्त्रींचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत. मिस्त्रींनी सुरुवात ट्रकच्या कमानी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवण्यापासून केली, म्हणून हे नाव. पुढे मोटारींच्या स्प्रिंगा, शॉकअॅब्सॉर्बर असं गाडीखालचं सगळं काम ते करू लागले, तरी नाव काही बदललं नाही. त्यांच्याकडे टाकलेली गाडी ठणठणीत होऊन परत मिळायची, पण प्रवचनासकट. गिऱ्हाईक चावी मागायचं आणि हे त्याला चाक रस्त्याला कसं धरून राहतं ते समजावत बसायचे. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं.

त्यांना एकच मुलगी. घरी तिला चिमी म्हणत. तिने लग्न स्वतःच्या पसंतीने केलं, आणि मिस्त्री जावयात खोट काढायच्या तयारीतच बसले होते. पण जावई निघाला गाड्यांचा वेडा. तो रंगांच्या विक्रीचं काम करायचा, गावोगाव फिरायचा. रविवारी सासरी आला की चहा स्वयंपाकघरात निवत पडायचा आणि सासरे-जावई गॅरेजात एकाच गाडीखाली. मिस्त्रींची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "मुलीला भेटायला येतात की गाडीला, कळत नाही." मिस्त्रींना उतारवयात दोस्त मिळाला होता, एवढं खरं.

एका रविवारी जावई म्हणाला, "बाबा, माझी गाडी दोन इंच खाली घ्यायची आहे."

"घेऊ की. आखूड, कडक स्प्रिंगा मागवतो, त्यांना जुळणारे शॉकही. दीड महिना लागेल."

"दीड महिना कोण थांबतंय? आहेत त्याच कापा. सगळे कापतात."

"सगळे कापतात म्हणूनच माझं गॅरेज चालतं."

तीन रविवार तो मागे लागला. चौथ्या रविवारी मिस्त्रींना त्याचं पडलेलं तोंड बघवेना. ग्राइंडरचा आवाज मी माझ्या दुकानातून ऐकला. प्रत्येक स्प्रिंगेचा दीड वेढा त्यांनी कापला.

मग चाकं सरळ करायला गाडी माझ्याकडे आली. खाली वाकून पाहिलं तर मागच्या चाकांना जोडणारी आस आणि तिच्यावर धक्का झेलायला बसवलेलं रबर यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरली होती. मी म्हटलं, "मिस्त्री, हे फार कमी आहे."

"तात्पुरतं आहे. नवीन स्प्रिंगा पहिल्याच रविवारी मागवल्यात."

मी मान डोलावली आणि चाकं सरळ करून दिली.

आम्ही तिघं चक्कर मारायला गेलो. मिस्त्री स्वतः चालवत होते. रस्ता नवा, गुळगुळीत. वजन जमिनीजवळ आल्यामुळे गाडी वळणावर जराही कलत नव्हती. स्टिअरिंग हातात घट्ट बसलंय, असं ते म्हणाले. मिस्त्री चक्क हसत होते. मी त्यांना गाडी चालवताना हसलेलं तेवढंच पाहिलं.

परत आल्यावर मात्र ते जावयाला म्हणाले, "रस्ता चांगला असेल तोवर हिला तोड नाही. पण मागे सामान भरून वळणावर जोरात घेऊ नको. मध्ये उंचवटा आला तर स्प्रिंगेला दबायला जागाच नाही. आस वर टेकली की चाक रस्ता सोडतं आणि मागचा भाग फेकला जातो."

"हो बाबा," तो म्हणाला. बाहेर पडताना आई स्वेटर घाल म्हणते, तेव्हा मुलं जसं म्हणतात तसं.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी तो डिकीत रंगाचे डबे भरून निघाला होता. गावाबाहेरच्या वळणावर पाइपासाठी खणलेला चर नुसता खडी टाकून बुजवलेला होता, रस्त्यापेक्षा वर आलेला. गाडीचा मागचा भाग फिरला आणि ती आडवी पुलाच्या कठड्यावर आदळली. दवाखान्यात पोहोचायच्या आत सगळं संपलं होतं.

चार दिवसांनी मिस्त्री मला घेऊन पोलिसांच्या आवारात गेले. अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी ते त्या चेपलेल्या गाडीखाली सरकले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "रबर चिरडलंय. लोखंडावर लोखंड आपटल्याची ताजी खूण आहे."

ती खूण कोणीच पाहिली नव्हती. कागदावर अतिवेग आणि चराजवळ फलक नसणं, एवढंच होतं. बाहेर पडताना मी म्हटलं, "चिमीला कशाला सांगता? झालं ते झालं."

"न सांगता तिच्यासमोर जेवायला कसा बसू?"

चिमी तेव्हा माहेरीच होती. त्यांनी स्वयंपाकघरात सांगितलं. वहिनी तिथेच होत्या, त्यांच्याकडून मला कळलं. चिमीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "असं होऊ शकतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तरी कापल्यात?"

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. गॅस बंद केला आणि बॅग भरायला घेतली. दारातून एवढंच म्हणाली, "मला नुसतं त्याच्यासाठी रडू द्यायचं होतंत. आता तुमच्यावर रागवायचंही काम माझ्याच मागे लागलं."

मिस्त्री पोलिसांकडेही गेले. साहेबांनी दोन ओळी लिहून घेतल्या, सही घेतली. पुन्हा कोणी बोलावलं नाही. "कोणीतरी शिक्षा करायला हवी होती," ते मला एकदा म्हणाले. बोटभर जागा पाहूनही चाकं मीच सरळ करून दिली होती.

मागवलेल्या स्प्रिंगा जावई गेल्यावर आठवड्याने आल्या. मिस्त्रींनी खोकं न उघडता परत पाठवलं. काम चालू ठेवलं, पण प्रवचन बंद झालं. गाडी खाली घ्यायला कोणी आलं की नुसती मान हलवायचे. एक जण हटूनच बसला, तेव्हा त्यांनी सांगितलं, "माझा जावई यात गेला." त्याला वाटलं, म्हातारा काम टाळायला थापा मारतोय. तो हसत निघून गेला.

चिमीने दुसऱ्या गावात नोकरी धरली. ती आईला फोन करायची, तेव्हा मिस्त्री टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी बसायचे. फोन त्यांच्या हातात कधी आला नाही.

तीन वर्षांनी एका सकाळी जुन्या गाडीतून ती आली. गॅरेजच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "गाडी नवीन घेतलीय. म्हणजे जुनीच. खालून बघून द्याल?"

मिस्त्रींनी दुपारपर्यंत एकेक बोल्ट तपासला. ती माझ्या दुकानात टायरांच्या चळतीवर बसून होती.

"मागचे दोन्ही शॉक गेलेत," त्यांनी येऊन सांगितलं.

"बदला."

त्यांनी बदलले. ती आईजवळ अर्धा तास बसली आणि निघाली.

आता सहा महिन्यांनी एकदा येते. बापलेकीचं बोलणं फक्त गाडीबद्दल होतं. गेल्या खेपेला ती निघताना मिस्त्री म्हणाले, "सावकाश जा." तिने काच खाली केली, त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. काही बोलेल असं मला वाटलं. मग तिने काच वर घेतली आणि गाडी रस्त्याला लागली.