परतीच्या नळीचं पाणी

चाचांना कुणीही भेटलं की सलाम-रामरामाच्या आधी त्यांचा हात पुढे यायचा, आणि तोही पालथा. हाताची मागची बाजू ते समोर येईल त्याला लावून बघायचे. गाडीचं बॉनेट, म्हशीचा कान, कुणाचं कपाळ, माझ्या हातातला चहाचा ग्लास. "गरम हाय," एवढंच म्हणायचे आणि वाईट बातमी कळल्यासारखं तोंड करायचे. पाटोद्याला त्यांचं गॅरेज होतं. तिथे त्यांचा स्वतःचा चहा साय धरेपर्यंत तसाच पडून असायचा. मला या चाळ्याची चीड यायची, तरी मी तिथे जाऊन बसायचो. मी आमच्या गावच्या दूध सोसायटीत दुधाचं फॅट काढायचो, म्हणून ते मला 'फॅटसाहेब' म्हणत. सगळा तालुका त्यांना गारचाचा म्हणे.

"तापल्याली चीज परत घरात घ्यायची न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाशी भांडण झालं की ते गॅरेजसमोरच्या लिंबाखाली बसून राहत आणि डोकं ताळ्यावर आल्यावरच घरी जात. त्यांची बायको, आमची चाची, एकदा म्हणाली, "इतकी वर्सं संसार केला, पन यांचा राग कसा असतो ते मला ठावंच न्हाई." हे कौतुक की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. सोसायटीच्या सभेत दोघे सभासद हातघाईवर आले, तेव्हा चाचांनी दाराला पाठ लावली. "गार झाल्याबिगर कुनी भाईर पडायचं न्हाई बे!" सभा संध्याकाळपर्यंत चालली.

तापलेली चीज घरात न घ्यायचं ते वाक्य मूळचं आमच्या दुधाच्या टेम्पोचं. डिझेल परवडेना म्हणून सोसायटीने टेम्पो गॅसवर चालवायचं ठरवलं आणि अध्यक्षांनी कुठल्याशा जुन्या बाजारातून त्याचं सामान उचलून आणलं. चाचांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यात पातळ गॅस पंपाने थेट इंजिनाकडे जायचा, लागेल तेवढा जळायचा आणि उरलेला दुसऱ्या नळीने टाकीत परत यायचा. इंजिनाशेजारून येताना तो तापून यायचा. असा तापलेला गॅस परत येत राहिला की टाकी तापते, आतला दाब वाढतो, आणि फार वाढला की टाकीवरची झडप आपोआप उघडून गॅस बाहेर सोडते. बाहेर पडलेला गॅस वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि विस्तव गाठतो. चाचांनी भंगारातल्या फ्रीजची तांब्याची वेटोळी नळी काढली, पाण्याने भरलेल्या एका पत्र्याच्या डब्यात बसवली आणि परतीचा गॅस तिच्यातून फिरवून गार करून टाकीत सोडला. दर खेपेला डब्यातलं पाणी तापायचं आणि बदलावं लागायचं. पाऊसपाणी होतं तोवर त्यात अवघड काही नव्हतं.

मग दुष्काळ पडला. तळं आटलं, आणि त्याच्या वरच्या उतारावर जनावरांची चारा छावणी उभी राहिली. गावातली निम्मी माणसं जनावरांबरोबर तिथेच पालं ठोकून राहू लागली. मध्ये कडब्याची मोठी गंज, भोवती दावणी आणि प्रत्येक पालासमोर चूल. सोसायटीने दूध तिथेच गोळा करायचं ठरवलं आणि टेम्पो रोज त्या गंजीशेजारी लागू लागला. ड्रायव्हर ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला, म्हणून चाचाच टेम्पो चालवू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी चुलींकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा लई वंगाळ हाय, फॅटसाहेब." मी हसण्यावारी नेलं; तशी दुसरी जागाही कुणाकडे नव्हती.

टँकरची वाट बघत हंडे रांगेत तापायचे, आणि चाचा डब्यात घागर ओतायचे. लोकांना ते बघवेना. अध्यक्ष तोंडावर बोलले, "मानसाला प्यायला न्हाई अन् तुमी नळीला पाजता?" चाचा म्हणाले, "तापल्यालं पानी मी जनावरालाच घालतो, वाया जात न्हाई. पन खेप हुईस्तोवर ते नळीचं. नळी तान्हेली ऱ्हायली तर छावनी ऱ्हानार न्हाई." तरी डबा रिकामा सापडू लागला. शेवटी त्यांनी डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात ताइताशेजारी अडकवली. पाण्याला कुलूप लावणारा माणूस म्हणून बाया त्यांच्याकडे पाठ फिरवू लागल्या. त्यांना ते लागायचं, पण त्यांनी कुलूप काढलं नाही.

त्या दिवशी टँकर आलाच नाही. सखूबाई म्हणून एकटी म्हातारी होती, तिची एकुलती एक म्हैस व्याली आणि बसली ती उठेना. जीभ बाहेर, डोळे थिजलेले. सखूबाई येऊन चाचांच्या पायाशी बसली. "डब्यातलं द्या, चाचा. ती गेली तर मला काय ऱ्हातंय?" चाचांनी एकदा टेम्पोकडे पाहिलं. मग गळ्यातली किल्ली काढली आणि सगळं पाणी तिच्या घमेल्यात ओतलं. म्हशीने घमेलं चाटून कोरडं केलं.

मी विचारलं, "आन् खेप?"

"न्हाई गेलो तर दूध नासंल. एक खेप काढील नळी. आज लई ऊन न्हाई."

ऊन मी म्हणत होतं. नळीला हात न लावता चाचा गाडीत चढलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

ते परतले तेव्हा छावणीत भाकरी थापणं चाललं होतं. टेम्पो गंजीशेजारी थांबला, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक आवाज सुरू झाला. मग वास आला. चाचा ओरडले, "चुली इझवा! माती टाका, माती!" पाणी होतं कुठे? बायांनी ओंजळी भरभरून माती टाकली, तव्यावरच्या भाकरीसकट चुली बुजवल्या. चाचांनी इंजिन चालू केलं नाही, ठिणगीचं भय. ब्रेक सोडला आणि आम्ही चार जण मिळून टेम्पो उताराकडे लोटला. स्टिअरिंग धरून चाचा एकटे आत बसले. "मागं व्हा बे, मागं व्हा!" टेम्पो आटलेल्या तळ्यात उतरला आणि भेगाळलेल्या तळाशी जाऊन थांबला. गॅसही उताराकडेच वाहत गेला आणि तिथेच साचला. मी काठावरून हाका मारत होतो, या, वर या. ते बॅटरीची तार काढायला वाकले होते. मोठा आवाज झालाच नाही, तारेशी ठिणगी चमकली आणि तिथली हवाच पेटली.

छावणीतली कडब्याची काडीही जळली नाही.

बीडच्या दवाखान्यात सखूबाई माझ्याबरोबर आली. चाचांना बोलवत नव्हतं, तरी त्यांनी तिला बघून विचारलं, "मावशी, म्हैस उठली का?"

म्हैस त्याच दिवशी दिवेलागणीला मेली होती. सखूबाईने माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "उठली की. कडबा खाती."

"मग खरवस कावून न्हाई आनला?"

"उद्या आनते," ती म्हणाली.

ती पालापालाने हिंडली. अशा दुष्काळात ताजं व्यालेलं जनावर कुणाकडे असणार? कुणाकडून तरी तिने खरवसासाठी वाटीभर चीक मागून आणला. दुसऱ्या दिवशी तिच्या पदराखाली खरवसाचा डबा, असे आम्ही पोचलो तेव्हा खाट रिकामी होती आणि चाची भिंतीशी बसली होती. सखूबाई तिच्यासमोर मटकन बसली. चाचीने डब्याकडे पाहिलं.

"आनला? सकाळपून ईचारत व्हते हे."

तिने झाकण काढलं. "तुज्याच म्हशीचा ना?"

"माज्याच," सखूबाई म्हणाली.

चाचीने एक तुकडा तोंडात टाकला आणि डबा माझ्यापुढे केला. "घ्या, भाऊ. त्या म्हशीसाठी तर गेले ते."

मी तुकडा घेतला आणि सखूबाईकडे न बघता खाल्ला.