दहा पौंड हवा

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात एका बिजागरीवरून वाद घालत होतो. मोटारींच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्यांचं डिझाइन करण्यात इथं अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये माझी अकरा वर्षं गेली. त्या जोरावर आमच्या ओळखीतली सगळी मंडळी मला गाड्यांमधलं सगळं कळतं असं समजतात आणि मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. जुलैतली दुपार होती. फोनवर सुजाता होती, मनोहरची मुलगी, कॉलेजात शिकणारी. एरवी माझ्याशी मोडकं का होईना पण मराठी बोलते. त्या दिवशी म्हणाली, "अरुणकाका, डॅड इज गॉन." मग तुटक तुटक कळत गेलं... इलिनॉयमध्ये हायवेवर व्हॅनमागं जोडलेल्या कॅम्परचा, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराचा, टायर फुटला, कॅम्पर मागून हेलकावे खायला लागला, त्यानं पुढच्या व्हॅनला ओढत खड्ड्यात नेलं. शालिनीवहिनी शेजारच्या सीटवर होत्या, त्यांचा हात मोडला, त्या वाचल्या. मनोहर जागच्या जागी गेला. तीस वर्षांचा मित्र गेल्याचं ऐकल्यावर माणसाच्या मनात त्याचा चेहरा यायला हवा. माझ्या मनात आधी आली ती हवा. टायरमधली. सात आठवडे झाले, ती अजून तिथून हललेली नाही.

मनोहर आणि मी नागपूरला एका हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलो. दोघांमध्ये एक सायकल होती आणि ती कुणी पुसायची यावरून रोज भांडण. तो रसायनशास्त्रात गेला, मी इंजिनिअरिंगला. पुढं इथं आलो तेही दोन वर्षांच्या अंतरानं, आणि राहिलो दहा मिनिटांच्या अंतरावर. तो शहराच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत होता. वाचल्याशिवाय काही उघडायचं नाही हा त्याचा स्वभाव. औषधाच्या बाटलीवरचा कागद तर सोडाच, साबणाच्या खोक्याच्या मागचा मजकूरही तो उभ्या उभ्या वाचून काढायचा. आम्ही त्याची खूप टिंगल केली. वहिनी म्हणायच्या, लग्नाआधी माझ्याबरोबर एखादं माहितीपत्रक मिळालं असतं तर यांनी तेही वाचलं असतं. तो हसायचा आणि पुढचं खोकं हातात घ्यायचा.

कॅम्पर त्यानं हौसेनं घेतला असं सगळे समजतात. ते खरं नाही. सुजाता लहान असताना हे तिघं दक्षिणेकडे फिरायला गेले होते. रस्त्यात एक मोटेल लागलं, मालक आपल्याकडचाच निघाला. आनंदानं बोलला, चहा दिला, गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग वडील काय करायचे ते विचारलं. मनोहरनं जे होतं ते सांगितलं. मालक आत जाऊन आला आणि म्हणाला, खोली आहे असं वाटलं होतं, पण बुकिंग झालेलं दिसतंय. मनोहर वाद घालणाऱ्यातला नव्हता. "चल" म्हणाला आणि पुढं निघाला. त्याचे वडील नोकरीच्या मुलाखतींना गावोगाव जायचे तेव्हा स्टेशनच्या बाकावर झोपायचे, कारण दुसरीकडे झोपायची सोय त्यांच्यासाठी नव्हती. अमेरिकेत हजारो मोटेलं आहेत, बाकी कुठं कुणी काही विचारत नाही, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे रे. पण आता मला दार वाजवायचंच नाही." पुढच्या उन्हाळ्यात त्यानं एक जुना कॅम्पर घेतला. व्हॅनच्या मागं जोडायचा, दोन चाकांचा, आत दोन पलंग, एक ओटा आणि बुद्धाची वीतभर मूर्ती. माझं घर माझ्यामागून येतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. मी त्याला इतकं खूश दुसऱ्या कशानंही झालेलं पाहिलेलं नाही.

त्या जुन्या कॅम्परचे टायर मीच पाहिले होते. खाली बसून नखानं नक्षी दाबली, खोल होती, आणि निकाल दिला की नवेच आहेत, पाच वर्षं काढतील. आपल्याकडे टायर गोटा झाला की बदलायचा हे शिक्षण. नक्षी शाबूत असलेला टायर खराब असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गेल्या वर्षी मिशिगनच्याच उत्तर भागातून परत येताना त्यातला एक फुटला. रबराच्या पट्ट्यांनी कॅम्परचा तळ फाडून टाकला, ओट्याखालची नळी तोडली. कुणाला खरचटलंही नाही. मनोहर मला एवढंच म्हणाला की ते टायर नऊ-दहा वर्षांचे होते. कॅम्पर वर्षातून तीन आठवडे चालतो आणि उरलेलं वर्ष उन्हात-बर्फात एका जागी उभा असतो. नक्षी झिजत नाही, रबर मात्र आतून म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर लांबलचक नंबर असतो, त्याच्या शेवटच्या तीन आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि साल असतं, हे त्यानं शोधून काढलं होतं. सालाचा एकच आकडा, त्यामुळे दशक कुठलं ते आपलं आपण ओळखायचं, याची त्याला फार चीड. पाण्याच्या बाटलीवर असं लिहिलं असतं तर मी लॅब बंद करून टाकली असती, म्हणाला.

नवे टायर घ्यायला मी त्याच्याबरोबर गेलो. दुकानदार म्हातारा, कमी बोलणारा. माझ्या गॅरेजमध्ये मोटारीचे त्याच मापाचे दोन चांगले टायर पडून होते, ते चालतील असं मी सुचवलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मनोहरला म्हणाला, मोटारीचा टायर मोटारीसाठी. मागून ओढल्या जाणाऱ्या गाडीचा टायर वेगळा असतो, त्याच्या बाजू जाड आणि ताठ असतात, कारण त्याला फक्त ओझं वाहायचं असतं आणि हेलकावे सोसायचे असतात. कॅम्पर रिकामा असताना किती भरतो ते विसर, सामान आणि पाणी भरून काट्यावर ने, आणि त्या वजनाच्या वर भरपूर जागा राहील असा टायर घे. मनोहर खरोखर घेऊन गेला काट्यावर. वजन बघून आल्यावर त्यानं वहिनींचा दगडी खलबत्ता आणि तांदळाची अर्धी गोणी खाली उतरवली, त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. मग त्यानं टायर निवडले, आदल्याच महिन्यात बनलेले, आणि स्टेपनीही नवी घेतली. निघताना म्हाताऱ्यानं शेवटचं सांगितलं होतं. बाजूवर जो आकडा लिहिलाय तेवढी पूर्ण हवा भरायची, सकाळी टायर थंड असताना. पन्नास म्हणजे पन्नास.

हे सगळं मी ऐकलं होतं. शेजारीच उभा होतो.

जुलैतला तो शनिवार. मनोहर आणि वहिनी शिकागोला दोन दिवस थांबून पुढं पश्चिमेकडे, अशा तीन आठवड्यांसाठी निघणार होते. मी निरोप द्यायला गेलो तेव्हा तो गुडघ्यावर बसून टायरची हवा मोजत होता. पन्नास भरली होती. रेडिओवर सारखं सांगत होते की इलिनॉय आणि त्याच्या पुढं उष्णतेची लाट आहे. मी सहज म्हणालो, "मन्या, एवढं ऊन आहे तर दहा पौंड कमी कर. फुगून फुटेल." नागपूरच्या मे महिन्यात आमची सायकल उन्हात उभी करायची तर आम्ही आधी थोडी हवा सोडायचो, नाहीतर ट्यूब फट् करून जायची. हॉस्टेलमधलं हे ज्ञान. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "म्हातारा पन्नास म्हणाला होता ना?" मी म्हणालो, "म्हाताऱ्यानं नागपूरचा मे पाहिलाय का?" तो हसला. त्यानं व्हॉल्व्हवर काडी दाबली आणि हवा सोडली, आधी एका टायरची, मग दुसऱ्याची. मी शेजारी उभा राहून वहिनींनी दिलेला चिवडा खात होतो... साऱ्या जगाचे कागद वाचून खात्री करणारा हा माणूस, माझं मात्र न वाचता ऐकायचा. एकदा माझ्यामुळे टायर फुटला होता तरीही. हे मला तेव्हा मैत्री वाटायचं.

आमच्याच इमारतीत टायरचं काम पाहणारा एक सहकारी आहे. अपघातानंतर चौथ्या दिवशी मी त्याला विचारलं, आपण कुणाबद्दल विचारतोय ते न सांगता. त्यानं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. हवा कमी असली की वजनाखाली टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दबतात आणि सुटतात. त्यातून उष्णता तयार होते, बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त. तासन्‌तास असं चाललं की टायर आतून शिजतो. उन्हाळ्यात हवा कमी करणं म्हणजे तो फोडण्याची तयारी करणं. मी अकरा वर्षं त्याच्यापासून चाळीस पावलांवर बसतोय. एकदाही विचारायला गेलो नव्हतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मनोहरच्याच घरी झाला. आमची दहा-बारा कुटुंबं, काही शिकागोहून आलेली. त्रिशरण-पंचशील झालं. खोटं बोलणार नाही हे चौथं शील मीही सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटलं. मग जेवणं सुरू झाली आणि बोलणी सुरू झाली. भंगारच्या यार्डातल्या माणसानं सुजाताला सांगितलं होतं की टायर नवा दिसतोय, पण कमी हवेवर पळवल्यासारखा जळालाय. तेवढं धरून एकजण म्हणाला, निघायच्या घाईत मनोहरनं हवाच बघितली नसेल. दुसरा म्हणाला, माणूस हुशार, पण एवढ्या साध्या गोष्टीत चुकला यार. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. मेलेल्या माणसाची एखादी चूक सापडली की जिवंत माणसांना आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वरणात भात कालवत बसलो. वहिनी हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसल्या होत्या आणि हे सगळं ऐकत होत्या. घरी येताना गाडीत मी स्वतःला विचारलं, गप्प बसणं खोटं बोलण्यात धरतात का? बायकोनं विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो. ते मात्र नक्कीच खोटं होतं.

गेल्या रविवारी मी एकटाच वहिनींकडे गेलो. चहा झाला. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण कप त्या अजून डाव्या हातानंच धरत होत्या. मी सगळं सांगितलं. दहा पौंड, नागपूर, चिवडा, सगळं. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर ओरडतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे, भाऊजी." आणि उठून गॅरेजमध्ये गेल्या, मी मागोमाग. हवेच्या पंपाच्या वर भिंतीवर एक कॅलेंडर होतं. कॅम्पर घेऊन बाहेर जायचं नसलं तरी तो दर रविवारी आणि निघायच्या दिवशी हवा मोजून तिथं लिहायचा हे मला ठाऊक नव्हतं. अशा प्रत्येक तारखेखाली पेन्सिलनं आखलेली तीन घरं, दोन चाकांची आणि एक स्टेपनीचं. सगळीकडे पन्नास, पन्नास, पन्नास. त्या शनिवारी दोन घरांतले पन्नास खोडून चाळीस केले होते आणि शेजारी त्याच्या बारीक अक्षरात दोन शब्द होते. अरुण म्हणाला.

हॉस्पिटलमधून घरी आलेल्या दिवशीच त्यांनी ते पाहिलं होतं. मी विचारलं, मग तेव्हा सगळ्यांसमोर बोलला का नाहीत? "मी तुमच्याकडे बघत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ताटात बघत होतात." मी माफी मागितली. मागताना मला कळत होतं की द्यायला त्यांच्याकडे काही नाही आणि घ्यायला माझ्याकडे जागा नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता सांगितलंत, तुमचं बरं झालं असेल. माझं काय होणार त्यानं? ज्यांच्यासमोर गप्प बसलात त्यांना सांगा. आणि परत इथं येऊ नका, निदान काही वर्षं तरी. मला तुमच्यावर रोज रागवायचं नाही. तेवढी शक्ती नाही माझ्यात."

आमची ती दहा-बारा कुटुंबं वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. भारतातून उशिरा येते, पण हातोहात सगळ्या घरांत फिरते. म्हणून इथं लिहिलं. यानं माझी सुटका होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावी असंही वाटत नाही. निघताना मी ते कॅलेंडर उचलून पुढची पानं बघितली. मनोहरनं डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घरं आखून ठेवली होती, तीन-तीन, पट्टी लावून, आणि ती सगळी कोरी होती. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण वहिनींना एवढंच हवं आहे. मनोहरनं हवा बघितली होती. पूर्ण पन्नास होती. दहा पौंड मी कमी करायला लावली.