राइस मिलमधला भोंगा

मी राइस मिलमध्ये लागलो तो पोटासाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण भोंगा होता. १९९९च्या हंगामात आमच्या दवनीवाड्याच्या रस्त्याला तीन मिल चालू होत्या आणि तिन्हीकडे माणसं हवी होती. मी सायकल घेऊन तिन्ही फाटकांसमोर उभा राहून आलो. दोन मिलमधून नुसती घरघर ऐकू येत होती. तिसरीतून त्या घरघरीला वरताण असं हिंदी सिनेमातलं गाणं येत होतं. मी तिसरीत गेलो. घरी हे सांगितलं असतं तर बाबांनी सायकलच काढून घेतली असती.

तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. शिक्षण बारावीत अडकलेलं, गळा बरा, आणि गाणं चालू नसलं की हात चालत नाहीत ही जन्माची खोड. धानाच्या रोवणीलासुद्धा बांधावर रेडिओ ठेवल्याशिवाय मी चिखलात उतरत नसे. या खोडीपायी आईचं मी भरपूर ऐकून घेतलं आहे.

मिलचा सगळा कारभार मिस्त्रींच्या हातात होता. मिस्त्री म्हणजे मशीन चालवणारा मुख्य माणूस. धान कोणत्या वेगाने सोडायचं, पट्टा कधी ताणायचा, मशीन कधी थांबवायचं, हे तो ठरवणार. आमचे मिस्त्री साठीला टेकलेले, उंच, वाळलेले आणि तोंडाने फटकळ. सगळे त्यांना मामाजी म्हणत. त्यांनी कुठून तरी भंगारातल्या ट्रकचा टेप आणून खांबाला बसवला होता, ट्रकचीच जुनी बॅटरी त्याला जोडली होती आणि वर लग्नाच्या मांडवात असतो तसला भोंगा बांधला होता. सकाळी मशीनच्या आधी टेप सुरू व्हायचा. आवाज असा की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागे. मामाजींनी त्यासाठी खुणाच ठरवून दिल्या होत्या. मूठ वर केली की मशीन थांबवा, पंजा खाली केला की धान कमी सोडा, कान धरला की समजा मिलचा मालक, म्हणजे सेठ, आला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पॉलिशरवर, म्हणजे तांदळावरचा कोंडा काढणाऱ्या मशीनवर उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे रोखून पाहत विचारलं, "गानं समजते का तुले?"

"समजते, मामाजी."

"मंग कॅसेट पलटवाचं काम तुहं. बंद पडू देशील त पाहून घेईन."

इतक्या मानाची नोकरी मला पुन्हा मिळाली नाही.

कोणती कॅसेट लावू असं विचारलं की ते म्हणत, "लाव कोन्तीही." मला वाटे, काय दिलदार माणूस आहे. एक तळहात मशीनच्या अंगावर ठेवून ते उभे राहत आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरत. ठेका बहुतेक वेळा चुकायचा. मी मनात म्हणायचो, आवड असली म्हणजे ताल असतोच असं नाही.

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी टेपने कॅसेटची फीत गिळली. मशीन चालूच होतं, भोंगा मात्र मुका. मी धावत जाऊन फीत ओढून काढू लागलो. सहज मागे पाहिलं तर मामाजी मांडीवर ठेका देत होते. मला आधी हसू आलं. मग मी हळूच त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर ओरडून. एक हमाल वळून पाहू लागला, मामाजी वळले नाहीत.

मग मला सगळं उलगडलं, निदान तसं वाटलं. भोंगा कशासाठी, हातवारे कशासाठी. जिथे कोणालाच काही ऐकू येत नाही तिथे एका माणसाला ऐकू येत नाही हे कोण ओळखणार? मिस्त्री म्हणजे मिलचे कान. बेअरिंग कोरडं पडलं की आधी कुरकुरतं, पट्टा सुटायच्या आधी फटफटतो, आणि ते ऐकणं हेच मिस्त्रीचं काम असं आम्ही समजत होतो. सेठला कळलं असतं तर त्यांना घरी बसावं लागलं असतं, आणि त्या वयात दुसऱ्या मिलने दारात उभं केलं नसतं. हे गुपित मी मेलो तरी फोडणार नाही, असं मी ठरवलं. ठरवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हेही कबूल करतो.

होळी झाल्यावर सेठने मला ऑफिसात बोलावलं. त्याने सकाळी फाटकातून मामाजींना हाक मारली होती आणि मामाजी सरळ निघून गेले होते.

"मिस्त्री को सुनाई कम देता है क्या रे?" सेठने विचारलं. मग म्हणाला, "तू भी तो अब काम सीख गया है."

हे दुसरं वाक्य फार वाईट होतं. क्षणभर मला मिस्त्रीच्या जागी मीच दिसलो आणि तोंडाला पाणी सुटलं. पण मी स्वतःला आवरलं आणि माझ्या मते फार हुशारीचं उत्तर दिलं.

"नहीं सेठजी, उस भोंगे के मारे किसी को कुछ सुनाई नहीं देता."

"अच्छा," सेठ म्हणाला, "तो भोंगा उतार दो."

भोंगा मीच उतरवला. शिडी धरायला मामाजी स्वतः उभे होते आणि माझ्याकडे असे पाहत होते की मला खाली यावंसं वाटेना.

त्या आठवड्यात मिलची कळा गेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच घरघर. दोन हमाल पोत्यावरून एकमेकांच्या अंगावर गेले. चाळणीवरच्या बाया एरवी गाण्यांवरून एकमेकींना चिडवायच्या, त्या गप्प बसून कनकी, म्हणजे तांदळाची कणी, पाखडू लागल्या. मी पॉलिशरवर उभ्या उभ्या दोनदा डुलकी खाल्ली. उरलेला वेळ मी मामाजींच्या मागेपुढे पहारेकऱ्यासारखा फिरत होतो. कोणी हाक मारली की मी त्यांचा सदरा ओढायचो. ते माझा हात झटकायचे.

शेवटी चाळणीवरच्या सगळ्यांत जुन्या बाईने मला अडवलं. "भोंगा काऊन उतरवाले लावला तू?"

मी इकडेतिकडे पाहून तिला हळू आवाजात सांगितलं की मामाजींना ऐकू येत नाही, आणि मी त्यांना वाचवतो आहे.

ती म्हणाली, "त्याईले ऐकू येत नाही हे साऱ्या मिलले मालूम आहे. तुले आता समजलं का?"

म्हणजे गुपित ठेवणारे आम्ही सगळेच होतो, आणि त्यात फक्त मीच स्वतःला शहाणा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी तिसरी डुलकी लागली. मामाजींनी मला दंडाला धरून मागे खेचलं तेव्हा माझी बाही पट्ट्यापासून वीतभर अंतरावर होती. त्यांनी मूठ वर करून मशीन थांबवलं आणि तडक ऑफिसाकडे निघाले. मी मागे धावलो. वाटेत दोनदा आडवा आलो, पण त्यांनी मला बाजूला केलं.

"सेठजी," ते उभ्यानेच म्हणाले, "मेरे को सुनाई नहीं देता. छे साल हो गया."

सेठने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"तो फिर गाना किसके लिए बजाता था?"

मामाजी त्याच्या ओठांकडे पाहत होते. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "इन लोगों के लिए. मैं पहले जिधर था, उधर गाना नहीं था. दिनभर एकही आवाज सुनके आदमी खड़े खड़े सो जाता है. एक का हाथ गया पट्टे में, मेरे सामने. आज इसका जाता था. मिस्त्री बदलना है तो बदलो. भोंगा लगाओ."

भोंगा त्यांचं बहिरेपण झाकायला आहे असं मी इतके महिने समजत होतो, आणि हा माणूस तो परत मिळवायला स्वतःची नोकरी टेबलावर ठेवून उभा होता.

सेठ हळू, ओठ दिसतील असं म्हणाला, "मशीन का कैसे समझता है?"

मामाजींनी टेबलावर तळहात ठेवला. टेबलावर पंखा चालू होता. "तुम्हारे पंखे का बुश गया," ते म्हणाले. सेठने पंखा बंद करून पातं हलवून पाहिलं. ते खरंच खिळखिळं होतं.

सेठने त्यांना ठेवून घेतलं. पण काही आवाज आला तर सांगायला म्हणून मला पॉलिशरवरून काढून त्यांच्या शेजारी उभं केलं. पुढचे चार हंगाम, ते थकून घरी बसेपर्यंत, मी त्या जागेवर होतो. मशीनला तळहात लावून बेअरिंगची गरमी, पट्ट्याची ओढ, धान ओलं की वाळलेलं, हे सारं ते मला शिकवत गेले. आज त्याच मिलचा मिस्त्री मी आहे. आता पोरं खिशात मोबाइल आणि कानात तारा घालून येतात, मी त्या काढून ठेवायला लावतो आणि सगळ्यांसाठी एकच गाणं मोठ्याने लावतो. माझ्या हाताखाली आजवर कोणाचं बोट गेलं नाही. हे सगळं त्या माणसाचं देणं आहे, आणि ते कसं फेडायचं हे मला कधीच कळलं नाही.

भोंगा पुन्हा चढवला त्या संध्याकाळी मी कॅसेटींचा डबा घेऊन मामाजींसमोर गेलो. लाज वाटत होती. म्हटलं, "मामाजी, आज तुमच्या आवडीचं लावतो. तुमाले ऐकू येत होतं तेव्हाचं एखादं."

"त्याचं काय करू मी?" ते म्हणाले. "तुले आवडते ते लाव."

"पन तुमाले काय त्याचं?"

"गानं चांगलं असलं का तुहं तोंड चांगलं होते. ते दिसते न मले."

मी कॅसेट लावली आणि परत त्यांच्यासमोर येऊन तोंड वर करून उभा राहिलो. डोळे भरून येत होते, पण गाणं आनंदाचं होतं, म्हणून ते संपेपर्यंत मी हसत राहिलो.